सतत गैरहजर

टाकळखेडा, व्हाया मारेगाव
२३ नोव्हेंबर १९५८

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. तू घेणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून वहिनीजवळ ठेवायला पाठवते.

तुझी उमरखेडला बदली झाली, बिऱ्हाडसुद्धा हललं, हे मला पोस्टमननं सांगितलं. सख्ख्या बहिणीला पोस्टमननं सांगावं! बरं झालं म्हणा. इथून पुढं आपल्या दोघांमध्ये तोच एक राहणार आहे.

मी राजीनामा तुझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा चष्मा पुसत तू म्हणालास, "डोकं थंड झालं की ये." दादा, तीन आठवडे झाले. थंडी पडली, शेकोट्या पेटल्या, पण डोकं काही थंड झालं नाही. शाळेची नोकरी सुटली ती सुटलीच.

एकदा माझ्या बाजूनं ऐक, मग शिव्या दे. भागीरथा आठ वर्षांची. दुसरीतली सगळ्यात हुशार पोर, हे तूच म्हणायचास. कापूस फुटला, तिची आई तानाबाई वेचायला जाऊ लागली आणि दहा महिन्यांचा धर्मपाल भागीरथाच्या कडेवर आला. ती त्याला घेऊन शाळेत यायची. तो रडला की दारात जाऊन उभी राहायची, त्याला झुलवत झुलवत दारातूनच पाढे म्हणायची. तू हेडमास्तर. तू म्हणालास, "ही शाळा आहे, पाळणाघर नाही." आणि पोरीचं नाव कापलं गेलं. लाल शाईची आडवी रेघ, आणि कारणाच्या रकान्यात 'सतत गैरहजर'.

गैरहजर? दादा, ती रोज येत होती रे!

मी भर वर्गात तुला बोलले, ते चुकलं. हेडमास्तरला आणि थोरल्या भावाला एकाच दमात बोलले. त्याची माफी मागते. बोलले ते मात्र मागं घेत नाही. तू म्हणालास, "माझ्या घराची पायरी चढू नको." मी म्हणाले, "भागीरथाचं नाव रजिस्टरात परत चढेपर्यंत चढणारच नाही." तू रागात बोललास. मी शपथेवर बोलले.

यवतमाळच्या बालसेवा समितीत विमलताईंनी मला कामाला घेतलं आहे. आया शेतात असतील तेवढा वेळ तान्ह्या-रांगत्या लेकरांची बालवाडी इथं चालवायची आणि अशी बालवाडी सरकारनं गावोगाव चालवावी म्हणून सरकारच्या मागं लागायचं. गावात म्हणतात, पक्की नोकरी सोडून पोट्टे सांभाळून राह्यली, येडी झाली. झाले. तुला काय कळवायचं ते कळव.

तुझी नलू

टाकळखेडा
९ जानेवारी १९५९

तीर्थस्वरूप दादा,

तुझं उत्तर नाही. मी वाटही पाहिली नाही. (पाहिली. दोनदा पोस्टात जाऊन आले.)

बालवाडी चालू झाली! आधी माझी फजिती ऐक, म्हणजे तुला बरं वाटेल. मी मारोतीच्या देवळातला सभामंडप मागून घेतला. झाडून, सारवून, भिंतीवर खडूनं पोपट काढला. पहिल्या दिवशी लेकरं आली चार. तानाबाईच्या वस्तीतलं एकही नाही. मी तणतणत वस्तीत गेले. "तुमच्यासाठी नोकरी सोडली आणि तुम्हालाच कदर नाही?" असं वाटेल ते बोलले. तानाबाईनं ऐकून घेतलं, चुलीवरची भाकर उलटवली, मग म्हणाली, "बाई, पहिले त्या देवळात आमाले येऊ देत नोयते. आता दीक्षा घेतली, आता आमीच जात नाई. लेकरू त्या पायरीवर कसं ठेवू?"

दादा, मी खाली मान घातली. दोन वर्षांपूर्वी ती सगळी माणसं नागपूरला जाऊन बौद्ध झाली, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण सभामंडप मागताना तोंडात पहिलं नाव देवळाचंच आलं. वस्तीच्या विहारात बसवावं तर गावातल्या बाया लेकरं धाडणार नाहीत. मग गावात अशी जागा कुठली, जिथं कुणाचाच देव नाही?

कोंडवाडा! हस नको. मोकाट ढोरं कोंडायचा सरकारी कोंडवाडा वर्षातून दहा महिने रिकामा असतो. राखणदार डोमाजी आधी नाही म्हणाला, "बाई, गायीले पावती फाडा लागते, पोट्ट्याले काय फाडू?" आता संध्याकाळी आया आल्या की तोच ओरडतो, "या, सोडवाले या आपापलं ढोर!" लेकरं खदखदा हसतात.

दुसरी चूकही सांगून टाकते. मी घंटा लावली अकराला. सरकारी सवय, दुसरं काय! तानाबाईनं विचारलं, "बाई, कापूस का अकरा वाजता उठते?" त्या बाया उजाडताच निघतात. आता आम्हीही उजाडताच उघडतो. अकरा लेकरं आहेत, आणि धर्मपाल चालायला लागला आहे.

भागीरथा मोकळी झाली, म्हणून मी तिला शाळेत परत घालायला निघाले. ती येईना. कोंडवाड्यातच बसते, लेकरांना गाणी शिकवते, माझ्याकडून पुस्तकं मागून वाचते. शाळेचं नाव काढलं की म्हणते, "जेनं कापलं, तेनंच लिहावं. मंग येतो." आठ वर्षांची पोर आणि हा ताठा! तिला तूच अभिप्रेत असशील. मी पुढं काही विचारलं नाही.

तुझी नलू

टाकळखेडा
२२ ऑगस्ट १९६३

प्रिय दादा,

मधल्या वर्षांत तुला चौदा पत्रं धाडली. एकही परत आलं नाही, म्हणजे तू घेतोस. वाचतोस की नाही देव जाणे. आजचं मात्र वाचच.

आमच्या कामाचं तुला ठाऊकच आहे. जनपद सभेकडे तीन वर्षं अर्ज केले. अर्ज वर सरकले तोवर जनपद सभाच बरखास्त झाली, जिल्हा परिषद आली. ज्या टेबलावर आमचे कागद होते ते टेबलही गेलं. विमलताई म्हणाल्या, "नलू, नव्या टेबलावर नवे कागद." त्या बाईला मी अजून निराश झालेली पाहिली नाही. कधी कधी रागच येतो.

शिक्षण समितीचे सभापती झाले आपल्याच गावचे मारोतराव. शंभर एकर कापूस. तानाबाई त्यांचाच कापूस वेचते. मी वर्षभर त्यांच्या ओसरीच्या पायऱ्या झिजवल्या. माणूस वाईट नाही, चहा दिल्याशिवाय सोडत नाही. पण बालवाडीचा विषय काढला की म्हणायचे, "पाहू." दादा, एका वर्षात मी इतक्या वेळा 'पाहू' ऐकलं की झोपेतही दचकून उठते.

मग आला पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरांचा. लाकडी बैल ओढत दारोदार जायचं आणि दारी आलेल्या लेकराच्या बैलाला कुणी रिकामं पाठवायचं नाही, बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसा, द्यायचाच. मला आठवलं, कळंबला तू मला घेऊन फिरायचास. पोरींचा नसतो तान्हा पोळा असं आत्या म्हणायची, आणि तू दोरी माझ्या हातात द्यायचास.

मी तानाबाईकडे गेले. ती म्हणाली, "बैलाले नाई म्हनत नाई आमी, पन टिळा नाई, आरती नाई." मी म्हटलं, "मंजूर! मला बैल पाहिजेत, टिळे नकोत." परवा अठरा लेकरं निघाली. ज्यांच्याजवळ बैल नव्हता त्यांनी विटेला दोरी बांधली. सगळ्यात पुढं धर्मपाल, आता पाच वर्षांचा, आणि त्याच्या बैलाच्या गळ्यात माळेच्या जागी सुतळीत ओवलेला आमचा अर्ज.

मारोतराव ओसरीवर पाटावर बसलेले, समोर अर्धं गाव. त्यांनी वाकून धर्मपालच्या हातावर नाणं ठेवलं. धर्मपालनं ते परत दिलं. "पैसा नको. कागद वाचा." मारोतराव हसले, "पाहू बाबू, पाहू." पोरगं हलेना. मागची सतरा लेकरंही हलेनात. सगळं गाव पाहून राह्यलं होतं. तेवढ्यात आतून त्यांची म्हातारी आई काठी आपटत आली. "वाच न रे मारोत्या! लेकराचा बैल दारातून रिकामा धाडतं का?"

सभापतींचं तोंड तू पाहायला हवं होतं! सुतळीतला कागद सोडवला, वाचला आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, "घेतला बाप्पा! समितीच्या पत्रिकेवर घेतला!"

दादा, पाच वर्षांनी आमचा विषय कुणाच्या तरी पत्रिकेवर आला. मी आणि तानाबाई कोंडवाड्यात जाऊन लहान पोरींसारख्या फुगडी खेळलो. डोमाजी म्हणाला, "आता तुमालेच कोंडा लागते."

तुझी नलू

टाकळखेडा
१४ डिसेंबर १९६३

दादा,

आज फुशारकी नाही.

शिक्षण समितीनं जिल्ह्यातल्या सगळ्या हेडमास्तरांना परिपत्रक पाठवलं आहे. गेल्या दहा वर्षांत भावंडं सांभाळावी लागतात म्हणून किती मुलींची नावं कापली, तो आकडा कळवा. तुलाही आलं असेल. विमलताईंनीच ही मागणी केली होती. आम्हाला वाटलं, आकडे आले की समितीचे डोळे उघडतील.

कालपर्यंत आलेली उत्तरं मी यवतमाळला जाऊन पाहिली. निरंक. निरंक. निरंक. ढीगभर कागद आणि एकच शब्द. एकाही शाळेत अशी एकही मुलगी नाही! कारकुनाला मी म्हटलं, "हे सगळे खोटं बोलून राह्यले." तो बिचारा म्हणाला, "बाई, रजिस्टर पाहूनच लिहिलं त्यांनी. रजिस्टरात सगळीकडे 'सतत गैरहजर' आहे."

ते रजिस्टर कसं भरतात हे मला ठाऊक आहे. रकान्यात लिहायला सोपं, वरून कुणी विचारत नाही. पोरगी दारात हजर असते आणि आपण तिला गैरहजर लिहितो. आता त्याच लिहिण्यानं आमचा ठराव बुडणार आहे.

आणि एक गोष्ट पाच वर्षं तुला लिहिली नाही. स्वतःलाही नीट सांगितली नाही. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, नाव 'कापलं गेलं'. आपोआप कापलं जातं का कधी? कापायला तू सांगितलंस. कापलं मी. वर्ग माझा, लेखणी माझी, आणि 'सतत गैरहजर' हे अक्षर माझं. भागीरथा दारात उभी राहून पाहत होती. मी रेघ मारली, मग मला स्वतःची चीड आली आणि ती सगळी तुझ्या अंगावर काढली. 'जेनं कापलं' म्हणते ती मलाच म्हणते. मला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

मी सभेत उभी राहून हे सांगणार आहे. एकटीच्या सांगण्यानं किती वजन पडेल ठाऊक नाही. तुला काही मागत नाही.

नाही, मागते. खरं उत्तर लिही, दादा. निरंक लिहू नको.

नलू

यवतमाळ, बालसेवा समितीचं कार्यालय
२५ जानेवारी १९६४

दादा, माझ्या दादा,

ठराव मंजूर झाला! विमलताई पेढे वाटून राह्यल्या, मी कोपऱ्यात बसून तुला लिहिते आहे आणि शाई पुसटली तर ते पेढ्याचं तूप आहे असं समज.

सुरुवात फार वाईट झाली. मारोतरावांनी उत्तरांचा गठ्ठा उचलून दाखवला. "निरंक! जी अडचणच नाही तिच्यावर ठराव कसा करायचा?" मी उभी राहिले. सांगितलं, की मी स्वतः एका हजर मुलीला गैरहजर लिहिलं आहे. एक सदस्य लगेच म्हणाले, "म्हणजे बाई, तुम्ही खोटी नोंद केली. मग आज तुम्ही खरं बोलता कशावरून?" सभेत हशा झाला. दादा, पाच वर्षं मातीत गेली असं वाटलं तेव्हा.

तेवढ्यात कारकून म्हणाला, "साहेब, एक उत्तर काल उशिरा आलं. उमरखेडचं. जरा लांब आहे."

तू चार पानं लिहिलीस.

त्यानं वाचायला घेतलं. 'टाकळखेडा शाळेत माझ्या कारकिर्दीत अकरा मुलींची नावे माझ्या हुकमाने कापली. नोंदलेले कारण: सतत गैरहजर. खरे कारण: कडेवर भावंड. या मुली गैरहजर नव्हत्या. दारात हजर होत्या.' आणि खाली अकराही नावं! तुला ती पाठ होती, दादा? रजिस्टर तर टाकळखेड्यातच आहे. तू आठवून लिहिलीस!

हशा थांबला. मग तो पुढं वाचत गेला. तुझीच वाक्यं तुला लिहिते, कारण मला ती तोंडपाठ झाली आहेत. 'मी कळंब येथे तिसरीत असताना आई वारली. आठ महिन्यांच्या बहिणीला घेऊन मी वर्षभर शाळेत गेलो. मुले मला दाई म्हणत. गुरुजींनी माझे नाव कापले नाही. नकाशाखाली सतरंजीवर बहिणीला निजवण्यास जागा दिली. ती लाज मी विसरलो नव्हतो, म्हणून त्या मुलींकडे मला पाहवत नव्हते. माझे नाव त्या वर्षी कापले असते, तर आज हे उत्तर लिहिण्यास मी हेडमास्तर नसतो. आणि जिने मला भर वर्गात याचा जाब विचारला, ती माझी तीच बहीण आहे.'

दादा, मला सगळ्यांनी सांगितलं होतं की आत्यानं वाढवलं! सव्वीस वर्षं मला कुणी सांगितलं नाही. तूही नाही. त्या दिवशी वर्गात मी तुला 'तुम्हाला काय कळणार लेकरू कडेवर घेणं' असं म्हणाले होते. जीभ का झडली नाही माझी!

मग मागून तानाबाई उठली, ती माझ्यासोबत आली होती. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. म्हणाली, "मारोतराव, कापूस वेचाले या म्हून तुमी दरसाल सांगावा धाडता. लेकरू कुठी ठेवलं म्हून कधी पुसलं का?" मारोतरावांनी तो निरंकचा गठ्ठा बाजूला सारला आणि म्हणाले, "नाही पुसलं. आज पुसतो."

एकमतानं मंजूर! वेचणीच्या मुलखात दहा गावांत बालवाड्या, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत, सेविका जिल्हा परिषदेच्या पगारावर. पुढच्या वर्षी आणखी. भावंडापायी कुठल्याही मुलीचं नाव कापायचं नाही. आणि तू शेवटी सुचवलेलं कलमही घेतलं. ज्यानं खोटं कारण लिहिलं, त्यानंच समक्ष दुरुस्ती करायची. भागीरथाचं बोलणं मी तुला पहिल्याच वर्षी लिहिलं होतं. म्हणजे वाचत होतास. सगळी वाचत होतास, लबाडा!

तुझी नलू

टाकळखेडा
३ जुलै १९६४

तीर्थस्वरूप दादा,

परवा शाळा उघडली. नव्या हेडमास्तरांनी मला बोलावलं, १९५८ चं रजिस्टर काढलं आणि दौत पुढं केली. पानं पिवळी पडली होती, पण माझी लाल रेघ जशीच्या तशी होती.

भागीरथा समोर उभी होती. चौदा वर्षांची झाली, माझ्याहून उंच. चौथीत बसणार आहे, नऊ-नऊ वर्षांच्या पोरांमध्ये. मी विचारलं, "लाजशील का गं?" म्हणाली, "लाजाले काय झालं? हे सगळे माह्याच कोंडवाड्यातले पोट्टे होत." खरंच आहे. तीच त्यांना गाणी शिकवत होती.

मी 'सतत गैरहजर' खोडलं. त्याच्या वर लिहिलं, 'कडेवर भाऊ होता. हजर होती.' अक्षर वाकडं आलं. तिनं वाकून पाहिलं, दोनदा वाचलं आणि मग वर्गात जाऊन बसली. मी बाहेर व्हरांड्यात येऊन पोटभर रडले, आणि रडता रडता हसतही होते.

त्याच दिवशी पहिलीत धर्मपालचं नाव घातलं. स्वतःच्या पायांनी आला. आत जाताना दारात क्षणभर थांबला, ताई कुठं बसली ते पाहिलं आणि पळत आत गेला. दार मोकळं झालं.

उरलेल्या दहा मुलींच्या घरी मी आणि भागीरथा जाणार आहोत. दोघींची लग्नं झाली आहेत. त्यांच्याही सासरी जाणार. कोंडवाड्यावर आता जिल्हा परिषदेची पाटी लागली. डोमाजी म्हणतो, ढोरं आता कुठी कोंडू? मी म्हटलं, देवळाच्या सभामंडपात कोंड, तो रिकामाच आहे. आठवडाभर बोलला नाही माझ्याशी.

दुरुस्तीच्या कागदावर माझी सही झाली. तिच्याखाली तेव्हाच्या हेडमास्तरांची सही लागते, ती जागा रिकामी आहे. पोस्टानं पाठवता येतो तो कागद. पण नाव चढलं आहे, माझी शपथ सुटली आहे. तेव्हा कागद घेऊन मीच येते. रविवारी पहाटे मारेगावहून यवतमाळ, तिथून उमरखेडची गाडी. दिवेलागणीला पोचेन. वहिनीला सांग, माझ्यापुरत्या दोन भाकरी जास्त टाक.

स्टँडवर घ्यायला ये. सहा वर्षांत वाळले आहे, तरी ओळखशील. मला सगळ्यात आधी तूच उचललंस. फक्त आता कडेवर घेऊ नको, दादा. मी चालते.

तुझी,
नकाशाखाली निजलेली नलू